तिखटाच्या डबीला परवाना कशासाठी?

हिवरखेडहून अकोटला शिकायला जाणाऱ्या मुलीच्या पिशवीत वह्या, जेवणाचा डबा, एसटीचा पास आणि मोबाइल असतो. कधी कधी त्यात बोटभर लांबीची एक डबीही असते. मिरचीचा अर्क दाबाखाली भरलेली ही डबी मेडिकलच्या दुकानात मिळते, ऑनलाइन मागवली तर घरपोच येते. ती बाळगायला आपल्याकडे परवाना मागितला जात नाही. तो मागितला पाहिजे, असे म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद वरवर भक्कम दिसतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने पेपर स्प्रेला धोकादायक शस्त्र म्हटले आहे. ब्रिटनमध्ये तो बाळगणे हाच गुन्हा आहे. आपल्याकडे तर तो थेट लोकसभेत फवारला गेला. मग बंदुकीला परवाना लागतो तसा यालाही का नको?

हे तिन्ही दाखले खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो अमलात आला तर त्याची झळ बंगळूर-मुंबईपेक्षा हिवरखेडसारख्या गावांना जास्त बसेल.

आधी न्यायालयाचे पाहू. मे २०२४ मधला तो आदेश बंगळूरच्या एका मालमत्तेच्या वादातून आला. एका बाजूने दुसऱ्या बाजूच्या माणसांवर पेपर स्प्रे मारल्याची फिर्याद होती आणि ती रद्द करावी म्हणून आरोपी उच्च न्यायालयात गेले होते. आपण स्वसंरक्षणासाठी फवारला, असे त्यांचे म्हणणे. जिवाला तातडीचा धोका असल्याचे प्रथमदर्शनी दिसत नाही, तेव्हा तपास होऊ द्यावा, असे सांगत न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी फिर्याद रद्द करायला नकार दिला. भारतात पेपर स्प्रेबद्दल वेगळा कायदा नाही हेही त्यांनी नोंदवले, आणि त्याला धोकादायक शस्त्र म्हणताना न्यूयॉर्कमधल्या २०१८ च्या एका निकालाचा आधार घेतला. म्हणजे न्यायालयापुढे प्रश्न होता तो स्प्रे कसा वापरला याचा. तो पिशवीत ठेवण्याचा प्रश्न तिथे नव्हताच. हातातली काठी कुणाच्या डोक्यात घातली की ती हत्यार ठरते, पण म्हणून काठी टेकत देवळात जाणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी परवाना विचारत नाही.

आणि ज्या न्यूयॉर्कचा दाखला दिला गेला, तिथला कायदा काय सांगतो? गंभीर गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या अठरा वर्षांवरील माणसाला तिथे स्वसंरक्षणासाठी ही डबी बाळगता येते. ती विकण्याचा अधिकार फक्त अधिकृत शस्त्रविक्रेत्याला किंवा औषधविक्रेत्याला असतो, आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त डब्या विकता येत नाहीत. म्हणजे परवाना विकणाऱ्याला लागतो, विकत घेणाऱ्या बाईला लागत नाही. गैरवापर झाला तर तीच डबी तिथल्या न्यायालयात धोकादायक हत्यार ठरू शकते. या दोन गोष्टी एकाच राज्यात शेजारी शेजारी नांदतात.

आता ब्रिटन. तिथल्या १९६८ च्या बंदूकविषयक कायद्याच्या कलम ५ ने अपायकारक द्रव किंवा वायू सोडणारे प्रत्येक शस्त्र निषिद्ध ठरवले आहे. त्याच कलमात मशीनगनही येते. डबी सापडली तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्रिटिश बाईच्या हाती उरते ती मोठा आवाज करणारी भोंग्याची डबी किंवा हल्लेखोराच्या अंगावर रंग उडवणारी फवारणी. ब्रिटिश पोलिसांच्या पट्ट्याला मात्र १९९० च्या दशकापासून डोळ्यांची आग करणारा फवारा लटकतो आहे.

ब्रिटनचे उदाहरण देणाऱ्यांनी आपला १९५९ चा शस्त्र कायदाही उघडून पाहावा. त्यातल्या निषिद्ध शस्त्रांच्या व्याख्येत जवळजवळ हेच शब्द आहेत: अपायकारक द्रव, वायू किंवा तशी दुसरी वस्तू सोडण्यासाठी बनवलेले कोणतेही शस्त्र. व्यवहारात पेपर स्प्रेला हे शब्द लावले जात नाहीत, म्हणून तो दुकानात उघड मिळतो. पण उद्या एखाद्या ठाण्यात किंवा एखाद्या खटल्यात ते लावले गेले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान सात आणि कमाल चौदा वर्षे आहे. अकोटच्या बसमधल्या मुलीच्या पिशवीतली डबी आज कायद्याच्या आधारावर उभी नाही. ती कायदा लावणाऱ्यांच्या मौनावर उभी आहे. तेव्हा नियम लिहायला हवा, एवढ्यापुरते परवानावाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. तो कोणत्या दिशेने लिहायचा, इथे वाद आहे.

परवाना या शब्दाचा अर्थ गावागणिक बदलतो. मोठ्या शहरात तो पोलीस आयुक्तालयातला एक अर्ज असतो. हिवरखेडमध्ये त्याचा अर्थ अकोला असा होतो, कारण शस्त्र परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याचा. सातपुड्याच्या पायथ्याशी तेल्हारा तालुक्यात वसलेल्या या गावाला एकेकाळी अकोला-खंडवा मीटरगेजची गाडी होती. ती २०१७ पासून बंद आहे. अकोल्याहून ब्रॉडगेज गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली ती अकोटपर्यंत. पुढचा प्रवास एसटीचा, नाही तर काळीपिवळीचा. परवान्याच्या एका फेरीत शेतमजूर आईचा एक दिवसाचा रोज बुडतो, आणि असली कामे एका फेरीत होत नाहीत.

पण अंतर ही यातली लहान अडचण. खरी अडचण चौकशीची. शस्त्र परवान्याच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल लागतो. धोका कोणापासून आहे, हे त्यात विचारले जाणार. एसटी स्टँडपासून घरापर्यंत मागे मागे येणाऱ्या पोराचे नाव मुलीने ठाण्यात सांगायचे, म्हणजे ते दुसऱ्या दिवशी गावभर होणार. बहुतेक घरांत त्यानंतर पोरावर काही कारवाई होण्याआधी मुलीचे कॉलेज बंद होते. गावात वाढलेल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. परवान्याची अट घालणारा माणूस मनात नसतानाही त्या मुलीला म्हणत असतो की आधी तुझी भीती चारचौघांत सिद्ध कर, मग तुला डबी देतो. तिला ती डबी हवी असते ती नेमकी कुणाला काही न सांगता शिकायला जाता यावे म्हणून.

एसटीत अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. मुलींनी घराबाहेर पडून शिकावे म्हणून शासनाने केलेला हा खर्च योग्यच आहे. बसमधून उतरल्यावरचा अंधारा टप्पा मात्र कोणत्याही योजनेत येत नाही, आणि डबीचा प्रश्न त्या टप्प्याचा आहे.

परवान्याचा आणि बंदीचा प्रयोग इतरांनी करून पाहिलेला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पेपर स्प्रे बाळगायला बंदुकीसारखेच ओळखपत्र काढावे लागे. २०१४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने प्रौढांसाठी ही अट काढून टाकली. डेन्मार्कमध्ये पेपर स्प्रेवर बंदी होती. जानेवारी २०१६ मध्ये सोन्नरबोर्ग शहरात सतरा वर्षांच्या एका मुलीने अंधारात अंगावर आलेल्या माणसावर स्प्रे मारून स्वतःची सुटका केली, आणि तिच्यावरच दंडाच्या कारवाईची वेळ आली. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, तिथला कायदा सैल झाला. जपानमध्ये २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने खिशात स्प्रे ठेवून रात्री सायकल चालवणाऱ्या एका माणसाला निर्दोष सोडले, कारण स्वतःच्या रक्षणासाठी तो जवळ ठेवणे हे त्याच्या बाबतीत रास्त कारण होते. मॅसॅच्युसेट्सने अट काढली, डेन्मार्कने बंदी ढिली केली आणि आपण मात्र नव्याने अट घालायची, याला काही आधार दिसत नाही.

तिसरा दाखला लोकसभेचा. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगणाचे विधेयक मांडले जात असताना विजयवाड्याचे खासदार एल. राजगोपाल यांनी सभागृहात पेपर स्प्रे फवारला. सदस्य खोकत, डोळे चोळत बाहेर पडले, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. गैरवापराचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. पण त्यावरून परवान्याची गरज कशी सिद्ध होते? परवान्याची अट असती तर खासदाराला तो सर्वांत आधी मिळाला असता. ओळख, पैसा आणि वेळ असलेल्या माणसाला कोणतीही अट अडवत नाही.

गैरवापराला शिक्षा द्यायला कायदा अपुरा आहे, असेही नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ११८ धोकादायक साधनांनी केलेल्या दुखापतीबद्दल आहे, आणि श्वासावाटे शरीरात गेल्यास अपाय करणारा पदार्थही त्या साधनांत मोडतो. मालमत्तेच्या भांडणात किंवा लुटीत स्प्रे वापरणाऱ्याला हे कलम पुरेसे आहे. स्वसंरक्षणाच्या हक्कालाही त्याच संहितेने मर्यादा घातल्या आहेत: गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्क सांगता येत नाही. कर्नाटकचा खटला याच मर्यादांभोवती फिरला. जुना कायदा आपले काम करतो आहे, याचाच तो पुरावा आहे.

शिवाय लुटारूला डबीची गरजच नाही. डोळ्यांत तिखट टाकून लुटल्याच्या बातम्या वऱ्हाडातल्या वाचकाने स्प्रे हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून वाचल्या आहेत. तिखट प्रत्येक घरात आहे. त्याच्या तीव्रतेला मोजमाप नाही आणि ते कुणाकडे किती आहे याची नोंदही नाही. उलट डबीत अर्क किती, तो किती अंतरावर जाईल आणि किती वेळ टिकेल, हे ठरवता येते.

नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या बायकांची आठवण या वादात हमखास काढली जाते. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्यांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादवला न्यायालयाच्या आवारात गाठले, डोळ्यांत तिखट टाकले आणि जमावाने त्याला ठार केले. बायकांच्या हाती असे साधन दिले की शेवट असा होतो, असे त्यावरून सुचवले जाते. ते ऐकताना त्याआधीची वर्षे आठवावी लागतात, ज्यांत तक्रारी होत होत्या आणि तो माणूस सुटून पुन्हा वस्तीत येत होता. त्या दिवशी जे घडले ते स्वसंरक्षण नव्हते, त्याचे समर्थनही करता येत नाही. मात्र ते तिखटामुळे घडले, असे म्हणणे म्हणजे त्या सगळ्या अनुत्तरित तक्रारींवर पांघरूण घालणे. संकटाच्या क्षणी एकट्या बाईला सुटून पळता येईल एवढाच वेळ मिळवून देणारे साधन जमावाच्या हिंसेच्या पंगतीत बसवता येत नाही.

विषाचा हिशेब तर वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. ती औषधे कृषी केंद्रात रोख पैशावर मिळत होती. तिथे परवाना होता तो दुकानदाराला. घेणाऱ्याला नव्हता, आणि त्या प्रकारानंतरही शेतकऱ्याने परवाना काढावा असे कुणी म्हटले नाही. मागणी झाली ती घातक रसायनांवर बंदीची, संरक्षक कपड्यांची, बाटलीवर वाचता येईल अशा सूचनेची. तासाभरात उतरणाऱ्या जळजळीसाठी मात्र बाईकडे परवाना मागायचा, हे माप कुठले?

स्प्रे उलटतो, असा आणखी एक आक्षेप आहे. वाऱ्याने तो मारणाऱ्या बाईच्याच डोळ्यांत जातो, किंवा हल्लेखोर तो हिसकावून घेतो. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर हिवरखेडच्या शिवारात मिळते. पाठीवर पंप बांधून कपाशी फवारणाऱ्या माणसाला वाऱ्याकडे पाठ करून चालावे लागते, हे शेतातल्या पोरालाही ठाऊक असते. धुक्यासारखा पसरणारा फवारा आणि सरळ जाणारी धार यांतला फरकही त्याला माहीत असतो. धारेचा स्प्रे वाऱ्यात कमी उलटतो. तो पर्सच्या तळाशी ठेवून उपयोग नाही, हातात हवा. तोंडावर मारून बाजूला व्हायचे आणि पळायचे, तिथे थांबायचे नाही. आतला दाब काही वर्षांत उतरतो, म्हणून मुदत संपलेली डबी टाकून द्यायची. हे सारे शिकवायला एक तास पुरतो. शिकवले नाही म्हणून साधन काढून घ्यायचे, हा न्याय कोणत्याच अवजाराला लावला जात नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळ्याच बाजूने येतो, आणि तो स्त्रियांच्या चळवळीतल्या माणसांचा आहे. बाईच्या हाती डबी दिली की तिच्या रक्षणाची जबाबदारी तिच्यावरच ढकलली जाते, असे त्यांना वाटते. उद्या अत्याचार झाला तर पहिला प्रश्न येईल: स्प्रे का नव्हता? ही भीती हवेतली नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडताना तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, याला वजन दिले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत कायद्यात यायला २०१३ साल उजाडले. विदर्भातल्या एका मुलीच्या खटल्यापासून सुरू झालेली ही चाल आहे. डबीच्या नियमाने तिला उलट दिशेला नेता कामा नये. म्हणून डबी जवळ नव्हती किंवा वापरली नाही, ही गोष्ट कोणत्याही तपासात वा खटल्यात बाईच्या विरोधात वापरता येणार नाही, हे वाक्य त्या नियमात असलेच पाहिजे.

डबीची मर्यादाही मोकळेपणाने मान्य करावी. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटच्या चौकात भर सकाळी एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवले गेले. आठवड्याने ती गेली. तिच्याकडे स्प्रे असता तरी काही वाचले असते, असे म्हणणे तिच्यावर अन्याय ठरेल. महिनोन्‌महिने पाठलाग करणाऱ्या माणसाला रोखणे हे पोलिसांचे, शेजाऱ्यांचे आणि त्याच्या घरच्यांचे काम असते. पण शेतकऱ्याने रानडुकरांसाठी काटेरी कुंपण घातले म्हणून वनखात्याची नुकसानभरपाईची जबाबदारी संपत नाही, आणि वनखाते आहे म्हणून शेतकऱ्याला कुंपण घालू नको असेही कुणी सांगत नाही. ११२ वर फोन केल्यावर गाडी येईपर्यंतची मिनिटे त्या बाईची एकटीची असतात. त्या मिनिटांत तिने काय करायचे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनीही द्यायला हवे.

तर मग नियम कसा असावा? परवाना माणसाला न देता मोजमाप वस्तूला लावावे. इटलीने मे २०११ च्या हुकमाने हेच केले. डबी २० मिलीलिटरपेक्षा मोठी नको, मिरचीच्या अर्काचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, फवारा ३ मीटरपलीकडे जायला नको आणि घेणारा किमान सोळा वर्षांचा हवा. या मापात बसणारी डबी तिथे कुणीही विकत घेतो. जर्मनीत मिरचीचा स्प्रे प्राण्यांपासून बचावाचे साधन म्हणून मोकळेपणाने विकला जातो, आणि प्रसंगी माणसावर वापरला तर तो स्वसंरक्षणाच्या कायद्यात बसतो की नाही एवढेच तपासले जाते. फ्रान्समध्ये १०० मिलीलिटरपर्यंतची डबी अठरा वर्षांवरील माणसाला घेता येते. आपल्याकडे तर मिरचीच्या तिखटपणाला सौम्य पर्याय म्हणून खुद्द शासनाने मान्यता दिली आहे: काश्मीरमध्ये छर्ऱ्याच्या बंदुकांवर टीका झाल्यानंतर २०१६ मध्ये पावा नावाच्या तिखट रसायनाचे गोळे सुरक्षा दलांना देण्यात आले.

यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याची गरज नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ४१ ने केंद्र सरकारला एखाद्या प्रकारचे शस्त्र अधिसूचना काढून कायद्यातून वगळण्याचा अधिकार दिलेला आहे. अमुक मापाच्या आत असलेला मिरचीचा स्प्रे निषिद्ध शस्त्र नाही आणि त्याला परवाना लागत नाही, असे त्या अधिसूचनेत लिहिता येईल. विक्रेत्याने वही ठेवावी, वय पाहावे. ॲसिडच्या विक्रीसाठी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये घातलेल्या अटी दुकानदारांना ठाऊक आहेतच. माणसाचा चेहरा कायमचा जाळणाऱ्या ॲसिडलाही खरेदीदाराची ओळख आणि कारण पुरते, तर तिखटाला याहून कडक अट लावायचे कारण नाही.

राज्याच्या हातातही बरेच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबाद आणि बंगळूरच्या मेट्रोने महिलांना स्प्रे बाळगू देण्याचा निर्णय घेतला, आणि त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागला नाही. महाराष्ट्रात गृहखात्याचे एक परिपत्रक प्रत्येक ठाणेदाराला सांगू शकते की तपासणीत बाईच्या पिशवीत ही डबी सापडली तर ती जप्त करायची नाही. डबीवरचा मजकूर मराठीत हवा. धार किती अंतरावर जाते, मुदत कधी संपते, डोळ्यांत गेले तर पाण्याने किती वेळ धुवायचे, दम्याच्या माणसाला काय धोका, हे इंग्रजीतल्या बारीक अक्षरांत छापलेले हिवरखेडच्या शेतमजूर बाईला उपयोगाचे नाही. शाळा-कॉलेजच्या मैदानावर वर्षातून एकदा पाणी भरलेल्या डब्या घेऊन सराव करून घेता येईल. वाऱ्याचा धडा द्यायला बाहेरून माणूस आणावा लागणार नाही, कपाशी फवारणारे हात गावातच आहेत.

अधिसूचना, परिपत्रक, मराठी मजकूर आणि एक तासाचा सराव, एवढीच ही मागणी आहे. ती पूर्ण झाली तर अकोटच्या शेवटच्या गाडीने उतरलेल्या मुलीला स्टँडवरून घराकडे वळताना डबी ओढणीखाली लपवावी लागणार नाही. ती हातात धरून चालता येईल, आणि वाटेत पोलिसांची गाडी थांबली तर उघडपणे दाखवताही येईल.